निर्लेखन समितीला खुलं पत्र: एक रकाना वाढवा

प्रति,
मा. अध्यक्ष व सर्व सदस्य,
निर्लेखन समिती,
मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांतली सरकारी कार्यालयं, शाळा, महाविद्यालयं, बँका आणि सहकारी संस्था.

विषय: जुने संगणक निर्लेखित करून (म्हणजे नोंदीतून कमी करून) भंगारात काढण्यापूर्वी एकदा दाखवण्याबाबत.
संदर्भ: माझा एक अर्ज, ज्याचं उत्तर सात महिन्यांनी आलं.

महोदय, महोदया,

तुमची-माझी ओळख जुनी आहे, तुम्हाला आठवत नसेल एवढंच. १९८७ पासून २०१४ पर्यंत मी सर्व्हिस इंजिनीअर होतो. खांद्याला रेक्झिनची बॅग, बॅगेत मल्टिमीटर, सोल्डरिंग आयर्न, हेड साफ करायची फ्लॉपी आणि एक फडकं. परभणीहून सकाळची एसटी धरायची आणि जिंतूर, सेलू, पाथरी, गंगाखेड, वसमत, जिथून 'मशीन उठंना' असा निरोप आलाय तिकडं निघायचं. तुमच्या संगणक कक्षाबाहेर चपला काढून आत यायचो. साहेबांच्या केबिनमध्ये बूट चालायचे, इथं नाही. मशीनला धूळ चालत नाही, असं आम्हीच तुम्हाला सांगून ठेवलं होतं. एसी बहुतेक वेळा तेवढ्याच खोलीत. मे महिन्यातल्या दुपारी आत मशीन एक आणि 'जरा काम होतं' म्हणून बसलेली माणसं नऊ असायची.

आता निवृत्त आहे. घराच्या मागच्या खोलीत जुने संगणक दुरुस्त करत बसतो. विकायला नाही, पुन्हा चालावेत म्हणून. सध्या तेवीस आहेत, त्यातले चौदा चालतात. बायको त्या खोलीला दवाखाना म्हणते आणि पाहुणे आले की दार ओढून घेते.

हे पत्र लिहायला कारण झालं ते एक ३८६ मशीन, म्हणजे इंटेलच्या ३८६ चिपच्या पिढीतला जुना संगणक. जिंतूर रोडवरच्या एका भंगार दुकानाच्या चाचांकडं माझा नंबर आहे. एक दिवस त्यांचा फोन आला, "इंजिनीअर साब, तुम्हारे टाइप का माल आया है." गेलो. कुठल्या तरी कार्यालयाच्या लिलावातली दहा-बारा खोकी पत्र्याच्या शेडखाली रचलेली होती. सगळ्यात खाली एक आडवं, चपटं, पिवळं पडलेलं डेस्कटॉप. कव्हर उघडलं तर आत पॉवर सप्लायवर चिकटवलेली चिठ्ठी: '९-१२-९३, पंखा बदलला', आणि खाली माझी सही.

तुमच्यापैकी ज्यांचे केस पांढरे झालेत त्यांना ती तारीख वाचून कळलं असेल मी तेव्हा कुठं होतो. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. गणपतीचं विसर्जन करून माणसं झोपली होती आणि किल्लारी परिसर जमीनदोस्त झाला. त्यानंतरच्या हिवाळ्यात मदतीच्या याद्यांचं काम करणाऱ्या एका कार्यालयात मशीन बंद पडू न देणं ही माझी ड्यूटी होती. जनरेटरच्या विजेवर काम चालायचं. व्होल्टेज खाली-वर झालं की सीव्हीटी (व्होल्टेज स्थिर ठेवणारा ट्रान्सफॉर्मर) गुरगुरायचा आणि आम्ही सगळे स्क्रीनकडं बघत बसायचो.

चाचा २८ रुपये किलोनं द्यायला तयार होते. मशीन भरलं ११ किलो. ३०८ रुपये झाले, वरचे आठ त्यांनी सोडले.

पुढचे चार महिने त्यात गेले. जुन्या मदरबोर्डच्या कोपऱ्यात निकेल-कॅडमियमची एक बॅटरी असते, अंगठ्याच्या पेराएवढी, निळ्या नाहीतर हिरव्या वेष्टनातली. घड्याळ आणि सेटिंग जपून ठेवणं एवढंच तिचं काम. तिच्याकडं वर्षानुवर्षं कुणी बघितलं नाही की ती पाझरते आणि आतला क्षार तांब्याच्या रेषा खात सुटतो. या बोर्डावर कोपऱ्यापासून कीबोर्डच्या चिपपर्यंत मोरचुदाच्या रंगाचा थर चढला होता. क्षार म्हटल्यावर उतारा आंबटाचा. व्हिनेगरमध्ये बुडवलेला कापसाचा बोळा फिरवला की फसफसतं. मग पाणी, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल, मग दोन दिवस कोरड्या सावलीत. नंतर भिंगाखाली एकेक रेष तपासायची, मल्टिमीटर 'टूं' वाजतोय की गप्प बसतोय ते ऐकत. सतरा रेषा तुटलेल्या निघाल्या. केसाएवढ्या तारेनं त्या जोडल्या. कीबोर्ड कंट्रोलर दुसऱ्या एका मेलेल्या बोर्डावरून काढून लावला.

पहिल्यांदा वीज देताना मी नेहमी शंभर वॅटचा साधा बल्ब सिरीजमध्ये ठेवतो. आत शॉर्ट असेल तर बल्ब भगभगून पेटतो आणि मशीन वाचतं. बल्ब क्षणभर उजळला आणि मंद झाला. पंखा फिरला, पण हार्डडिस्क गप्प. वर्षानुवर्षं एका जागी बसलेलं हेड तबकडीला चिकटून बसतं. अशा वेळी डिस्क हातात घ्यायची आणि मनगटानं तिला आडवा हिसका द्यायचा, लोणच्याच्या बरणीचं घट्ट झाकण फिरवतो तसा. हे कुठल्या कॉलेजात शिकवत नाहीत. तिसऱ्या हिसक्याला तबकडी सुटली. चाळीस एमबीची डिस्क, पण चालू होताना आवाज पिठाच्या गिरणीचा.

त्या मशीनमध्ये जिस्ट कार्ड होतं. नव्या मुलांना हे नाव माहीत नसतं म्हणून सांगतो. युनिकोड घरोघरी पोचण्याच्या कितीतरी आधी, जेव्हा पडद्यावर फक्त इंग्रजी अक्षरं उमटायची, तेव्हा आयआयटी कानपूरमध्ये हे काम सुरू झालं आणि पुढं पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलं. सी-डॅक १९८८ सालची. स्लॉटमध्ये हे कार्ड बसवलं की डॉसवरचे साधे प्रोग्रामही मराठीत दिसायला लागायचे. त्यामागचं इस्की हे कोडिंग १९९१ साली भारतीय मानक झालं. ज्या इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर तुमचे लिपिक आज टायपिंग करतात, डावीकडं स्वर आणि उजवीकडं व्यंजनं, तो याच घरातला. मराठीत सरकारी यादी पडद्यावर बघणाऱ्या पहिल्या पिढीतली माणसं मराठवाड्यातल्या तहसिलींमध्ये बसलेली होती, आणि ती मशीन आपण किलोवर विकली.

यादी उघडली. गाव, अनुक्रमांक, कुटुंबप्रमुखाचं नाव, घर पूर्ण पडलं की अंशतः. पहिल्याच पानावर एक गोष्ट दिसली. प्रोग्राममध्ये मयतासाठी रकाना नव्हता. त्यामुळे ऑपरेटरनं नावाच्या रकान्यातच आधी 'कै.' टाइप केलं होतं. रकाना ठरावीक अक्षरांचा. 'कै.' बसवताना आडनावाची शेवटची दोन-तीन अक्षरं कापली गेली होती. पानामागून पान तसंच.

मी पुढं वाचलं नाही. ती नावं माझ्यासाठी नव्हती. फ्लॉपीवर एक प्रत केली, लिफाफा बंद केला आणि त्या कार्यालयात घेऊन गेलो. खिडकीतला मुलगा चांगला होता, चहा पाजला. म्हणाला, "काका, सगळं खरंय, पण ही आवक मी कोणत्या रजिस्टरला दाखवू?" लिफाफा अजून माझ्याकडंच आहे. मशीनही.

कुणी म्हणेल, याद्या कागदावर असतीलच की. असतील. पण 'कै.' टाइप करताना आडनाव कापलं जातं हे कागद सांगत नाही, ते चालू मशीनच सांगतं. कागदावर चूक दिसली असती, चुकीचं कारण नाही.

आता एक लांबची गोष्ट सांगतो, कारण या नादात मी पडलो तो एका इंग्रज इंजिनीअरमुळे. टोनी सेल त्याचं नाव. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांचे गुप्त संदेश फोडायला इंग्लंडमधल्या ब्लेचली पार्कमध्ये कोलॉसस नावाची मशीन बसवली होती. ती घडवली टॉमी फ्लॉवर्स यांनी, आणि हे गृहस्थ होते टपाल खात्याचे, टेलिफोन एक्स्चेंजवाले. दीड-दोन हजार व्हॉल्व्ह (ट्रान्झिस्टरच्या आधीच्या, बल्बसारख्या काचेच्या नळ्या) एकत्र चालतील यावर इतर शहाण्यांचा विश्वास नव्हता. फ्लॉवर्सना एक्स्चेंजच्या अनुभवावरून माहीत होतं की व्हॉल्व्ह जातो तो चालू-बंद करताना. सतत चालू ठेवा, टिकतो. (आपल्याकडं पिवळा बल्बही बटण दाबल्या क्षणीच उडायचा, आठवतंय ना?) युद्ध संपेपर्यंत अशी दहा मशीन झाली. युद्ध संपल्यावर बहुतेक मोडली, उरलेली दोन १९६० च्या सुमारास गेली, आणि फ्लॉवर्सना आपल्याजवळचे नकाशे भट्टीत घालायला लावले. गुप्ततेचा आदेश. म्हणजे निर्लेखन, आणि तेही चोख.

टोनी सेलनं १९९३ साली ते मशीन पुन्हा उभं करायला घेतलं. हाताशी काय, तर १९४५ सालचे आठ फोटो आणि आदेश न जुमानता काही जुन्या इंजिनीअरांनी घरी ठेवून घेतलेले सर्किटचे तुकडे. फोटोतल्या फळ्यांवरून मोजमापं काढली. तिकडंही जुनी टेलिफोन एक्स्चेंजं त्याच काळात मोडीत निघत होती, त्यांतले सुटे भाग मिळवले. कागदी टेप सेकंदाला पाच हजार अक्षरांच्या वेगानं वाचणारा भाग ज्यांनी युद्धात बनवला होता, त्या म्हाताऱ्या इंजिनीअरलाच गाठून पुन्हा करून घेतला. १९९६ मध्ये मशीन पहिल्यांदा चालू केलं तेव्हा फ्लॉवर्स स्वतः समोर होते. काम पुरं व्हायला २००७ उजाडलं. चौदा वर्षं. त्या वर्षी नव्या संगणकांविरुद्ध कोलॉससची शर्यत लावली, जर्मनीतून पाठवलेला सांकेतिक संदेश आधी कोण फोडतो अशी. कोलॉसस हरला. जिंकला एक हौशी जर्मन. संदेश फोडायला त्याच्या प्रोग्रामला ४६ सेकंद पुरले. जगात जर्मनी म्हणतात ते उगाच नाही. भारतात परभणी आहे का, ते तुमच्या समितीवर अवलंबून आहे.

टोनी सेल २०११ साली गेला. त्याचा कोलॉसस ज्या संगणक संग्रहालयात आहे तिथंच आणखी एक मशीन आहे, त्याची गोष्ट तुमच्या जास्त उपयोगाची. हारवेलच्या अणुसंशोधन केंद्रात १९५१ साली चालू झालेलं. पुढं ते एका कॉलेजात शिकवायला गेलं, मग एका संग्रहालयात, मग सुटं करून गोदामात. तिथं पडून राहिलं. एका माणसाला गोदामाच्या फोटोत त्याचं पॅनल ओळखू आलं, मशीन बाहेर काढलं आणि २०१२ मध्ये पुन्हा चालू केलं. मूळ भागांसह चालणारा जगातला सगळ्यात जुना डिजिटल संगणक आज तोच. त्याला कुणी वाचवायला धडपडलं नव्हतं. फक्त विकलं नाही. गोदामात ठेवलं आणि विसरले. विसरण्यात आपली कार्यालयं कुणाला हार जाणार नाहीत, आणि मी मागतोय ते जवळपास तेवढंच आहे.

आपल्याकडं काय राहिलं? मुंबईच्या टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्चमध्ये आपल्याच माणसांनी टिफ्रॅक बांधला. १९६० साली तो कामाला लागला, १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याला नाव दिलं. व्हॉल्व्हवर चालणारा, मेमरी २०४८ शब्दांची, एकेक शब्द ४० बिटांचा. गणित केलं तर सगळी मिळून दहा केबी. तुमच्या मोबाइलवर रोज सकाळी जो गुलाबाचा फुललेला फोटो येतो, तो यात मावायचा नाही. चालू टिफ्रॅक आज कुठंही बघायला मिळत नाही. मुंबईच्या एवढ्या मोठ्या संस्थेत जे घडलं ते गंगाखेडच्या शाळेत घडू नये, असं मी कोणत्या तोंडानं म्हणू? पण म्हणतो.

कारण मी स्वतः साव नाही. १९९६ ते ९९ या काळात बायबॅकमध्ये (नव्या मशीनच्या बदल्यात) घेतलेल्या एक्सटी, म्हणजे ऐंशीच्या दशकातले पीसी, मी माझ्या हातानं फोडल्या आहेत. ४.७७ मेगाहर्ट्झच्या त्या मशीनला तेव्हा कुणी विचारत नव्हतं. पॉवर सप्लाय आणि फ्लॉपी ड्राइव्ह काढून घ्यायचे, बाकी पत्रा. एकदा दोन दिवसांत अकरा. त्यातल्या एकाच्या कीबोर्डमध्ये तांदळाचे दाणे निघाले होते. आधी वाटलं उंदीर. मग स्पेसबारखाली कुंकू दिसलं. खंडेनवमीच्या अक्षता. आपल्याकडं दसऱ्याला कॉम्प्युटरची पूजा होते, मॉनिटरला झेंडू लागतो, आणि भाबड्या भक्तीनं कुंकवाची बोटं थेट कळांवर उमटतात. मी तो कीबोर्ड झटकून भंगारात टाकला. आज तो परत मिळाला तर अक्षतांसकट ठेवीन.

म्हणून काय ठेवायचं हे मी आधीच सांगतो, म्हणजे 'सगळंच ठेवा म्हणताय का?' असं कुणी विचारायला नको. सगळं नको. २००० नंतरची पांढरी-काळी खोकी, पेंटियम-४, एलसीडीच्या आधीचे शेवटचे जाड मॉनिटर, हे हजारोंनी आहेत. खुशाल द्या. मला हवंय ते त्याआधीचं आणि विशेषतः आपल्या देशात बनलेलं किंवा आपल्या भाषेसाठी बनलेलं. १९७८ मध्ये आयबीएम इथून गेली. त्याच्या थोडं आधीपासून आणि त्यानंतर एचसीएल, विप्रो, डीसीएम, ईसीआयएल अशा नावांच्या पाट्या मशीनवर दिसायला लागल्या, त्यातलं काहीही. जिस्ट कार्ड आणि जिस्ट टर्मिनल. १९८४-८५ मध्ये केंद्र सरकारच्या क्लास प्रकल्पातून शाळांना मिळालेले बीबीसी मायक्रो, ३२ केबी मेमरीचे, चालू केल्यावर दोन सुरांत 'बू-बीप' म्हणणारे. शिकवणारं कुणी नाही म्हणून असलं मशीन शाळेच्या कपाटात कुलूपबंद राहिलं असेल, तर त्या दुर्लक्षाचे मी आभार मानतो. सापडलं तर चालू मात्र करून बघू नका. त्याच्या पॉवर सप्लायमधला पारदर्शक पिवळसर कपॅसिटर म्हातारा झालेला असतो, वीज मिळताच फाटतो आणि वर्गभर असा धूर करतो की मुख्याध्यापक फायर ब्रिगेडला बोलावतील.

बँकांमधलं लेजर पोस्टिंग मशीनही, म्हणजे खातेवहीतल्या नोंदी करणारं. १९८४ च्या रंगराजन समितीच्या शिफारशीनंतर ते शाखांमध्ये आलं. नोकऱ्या जातील म्हणून त्या काळात संघटनांनी संगणकाला विरोध केला, वाटाघाटी झाल्या, शाखेत मशीन किती आणि कुठं यावर भांडणं झाली. हैदराबाद बँकेच्या (आमच्याकडं स्टेट बँक ऑफ हैदराबादला लोक हेच म्हणायचे) किंवा मराठवाडा ग्रामीण बँकेच्या जुन्या शाखांच्या माळ्यावर एखादं अजून असेल. त्या बँकाच आता त्या नावानं उरलेल्या नाहीत, मशीन कोण सांभाळणार? एसटीडी बूथवरचं बिल छापणारं खोकं, खेडोपाडी फोन नेणाऱ्या सी-डॉट एक्स्चेंजची कार्डं, हेही. आणि मॅन्युअल. मशीनपेक्षा मॅन्युअल आधी रद्दीत जातं. मशीन मी अंदाजानं उघडू शकतो, पण एखादा जम्पर (दोन पिना जोडणारी छोटी टोपी) कुठं लावायचा हे मॅन्युअलशिवाय कळायला महिना जातो.

फ्लॉप्यांचं वेगळं सांगतो. आपल्या पावसाळ्यात त्यांना बुरशी धरते, थाळीच्या चकाकीवर पांढरे ठिपके दिसतात. अशी फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घातली तर हेड खरवडतं आणि फ्लॉपीही जाते, ड्राइव्हही. साफ करून वाचता येते. आजकाल डिस्कवरच्या चुंबकीय खुणा जशाच्या तशा उतरवून घेणारी लहान उपकरणं मिळतात, माझ्याकडं एक आहे. इस्कीतला मजकूर युनिकोडमध्ये आणणं सोपं. श्रीलिपी, आकृती किंवा आयएसएमच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं त्रासाचं, कारण तिथं अक्षर फक्त दिसायला मराठी असतं, फाइलमध्ये भलतंच काहीतरी असतं. तो फॉन्ट नसला की पानावर चिरडलेल्या मुंग्या. तुमच्या कार्यालयाचे १९९५ ते २००८ मधले ठराव, नोटिसा, प्रोसिडिंग बहुतेक याच अवस्थेत आहेत. एकदा उघडून बघा.

आता माझा अर्ज. तीन वर्षांपूर्वी एका संस्थेच्या अडगळीत मी अशी मशीन बघितली. रीतसर अर्ज केला: विकत देऊ नका, मला देऊ नका, फक्त लिलावाच्या यादीतून बाजूला ठेवा. 'लेखी द्या' म्हणाले, दिलं. 'सविस्तर द्या' म्हणाले, तेही दिलं. सात महिन्यांनी उत्तर आलं की सदर बाब नियमात बसत नाही. तोवर लिलाव होऊन पाच महिने झाले होते.

राग आला होता, खोटं कशाला बोलू. पण नंतर त्याच संस्थेतल्या भांडारपालांशी दोन तास बोललो आणि त्यांची बाजू समजली. डेडस्टॉक रजिस्टरला नोंद असलेली वस्तू एकतर वापरात असायला पाहिजे, नाहीतर निर्लेखित. मधलं काही नाही. वापरात दाखवावी तर तपासणीत विचारणार, कुठं वापरता? निर्लेखित करून ठेवून घ्यावी तर ऑडिटचा पॅरा लागणार, विक्रीची रक्कम कुठंय? शिवाय ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, नोंदणीकृत उत्पादक, नूतनीकरण करणारे किंवा रिसायकलर यांच्याकडंच द्यावं लागतं. त्या भांडारपालांची निवृत्ती दीड वर्षावर आलेली. माझ्या हौसेसाठी त्यांनी पेन्शन का अडकवून घ्यावी? मीही घेतली नसती.

ई-कचऱ्याचे नियम मला मान्यच आहेत. तारा जाळून तांबं काढणारी आणि उघड्यावर तेजाबात बोर्ड बुडवून सोनं शोधणारी पोरं मी बघितली आहेत. त्यांचे हात बघितले आहेत. मशीन त्यांच्याकडं जाऊ नये, हे तर माझंही म्हणणं. पण वस्तू कचरा ठरते ती निर्लेखनानंतर. त्याआधी ती तुमची मालमत्ता आहे आणि मालमत्ता एका संस्थेकडून दुसरीकडं वर्ग होते. एका शाळेची बाकं दुसऱ्या शाळेला वर्ग करताच ना? तसंच हे.

तेव्हा मागणी एवढीच. निर्लेखनाच्या प्रस्तावात 'दुरुस्तीयोग्य' आणि 'दुरुस्तीस अयोग्य' यांच्या शेजारी तिसरा रकाना काढा, 'जतनयोग्य'. त्यात खूण केलेली वस्तू विकायची नाही, एखाद्या सरकारी शिक्षणसंस्थेकडं वर्ग करायची. खूण कुणी करायची? जवळच्या आयटीआयच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या निदेशकांना बोलवा, पॉलिटेक्निकच्या प्राध्यापकांना बोलवा, मला बोलवलंत तर मी एसटीनं स्वखर्चानं येतो. आणि छत्रपती संभाजीनगरच्या किंवा नांदेडच्या विद्यापीठानं एक खोली द्यावी. एसी नको, गळणारं छत नको. संभाजीनगरच्या विद्यापीठात इतिहास वस्तुसंग्रहालय आहे, पैठणच्या उत्खननातल्या वस्तू तिथं व्यवस्थित मांडल्यात. त्याच आवारात नायलिट आहे, जिथं इलेक्ट्रॉनिक्स शिकवतात. दोघांच्या मध्ये चालत जाण्याएवढं अंतर. या दोन इमारतींनी एकमेकींना अजून नमस्कार केलेला नाही, असं मला वाटत आलंय. मला एवढं आवडेल की मुलांनी ही मशीन उघडून, दुरुस्त करून शिकावं. नव्या लॅपटॉपात उघडून बघण्यासारखं काही उरलेलंच नाही, सगळं एका चिपमध्ये. ३८६ च्या बोर्डावर मेमरी बोट ठेवून दाखवता येते.

तुम्ही म्हणाल, हे काय वस्तुसंग्रहालयात ठेवायच्या लायकीचं आहे? तेरला जाऊन या. धाराशिवपासून फार लांब नाही. रोमशी व्यापार करणारं हे प्राचीन तगर. तिथं पांढरीच्या टेकाडांवर पावसाळ्यानंतर मणी, खापरं, नाणी उघडी पडायची. गावातली पोरं त्यांच्याशी खेळायची, बाया सारवणाला माती न्यायच्या. रामलिंगप्पा लामतुरे नावाच्या तिथल्याच गृहस्थांनी ते गोळा करायला घेतलं. त्यांना कुणी नेमलेलं नव्हतं. आज तिथं त्यांच्या नावानं सरकारी वस्तुसंग्रहालय उभं आहे आणि तेरची हस्तिदंती बाहुली इटलीतल्या पाँपेईत सापडलेल्या मूर्तीशेजारी ठेवून अभ्यासक बोलतात. लामतुऱ्यांना शेजारी काय म्हणत असतील याचा मला बऱ्यापैकी अंदाज आहे. मागच्या आठवड्यात माझ्या शेजारणीनं बायकोला विचारलं, "वहिनी, भाऊसाब ते डबडे घेऊन काय करायलेत?"

माझं वय सदुसष्ट. हात अजून थरथरत नाहीत, भिंगाचा नंबर मात्र दोनदा वाढला. लेजर पोस्टिंग मशीन आतून बघितलेले, जिस्ट कार्डाचे जम्पर पाठ असलेले माझ्याबरोबरचे बहुतेक जण पुण्याला मुलांकडं गेले, दोघं वारले. मशीन गोदामात वीस वर्षं थांबू शकतं. ते उघडता येणारी माणसं तेवढी थांबणार नाहीत.

निर्लेखनाचे प्रस्ताव मार्चअखेरच्या घाईत निघतात हे मला ठाऊक आहे. समितीची बैठक व्हायला वेळ आहे, रकाना वाढवायला त्याहून जास्त लागेल. तोपर्यंत एक काम कुणाच्याही परवानगीशिवाय होण्यासारखं आहे. अडगळीतलं जुनं मशीन चालू करून बघू नका, फक्त कव्हर काढा. कोपऱ्यात ती निळी किंवा हिरवी बॅटरी असेल. बाजूला पावडर धरलेली दिसली तर हाताला प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळा. पक्कड शिपायाकडं असते. बॅटरीचे दोन्ही पाय तोडा, ती काढून वेगळ्या डबीत ठेवा, डबीवर मशीनचा नंबर लिहा आणि कव्हर परत लावून टाका.

आपला,
एक जुना सर्व्हिस इंजिनीअर,
परभणी